लॅब्राडोरचे पिल्लू आणि त्याचा पैदासकार

घरात कुत्रा पाळावयाचे ठरले, की कुटुंबातील मंडळी पिल्लू पाहावयास निघतात. चादरीवर सात-आठ पिल्ले एकमेकांच्या अंगावर लोळत असतात. त्यांतील एखादे धडपडत पुढे येते, मुलाचे बोट चाटते आणि निवड होऊन जाते. ही रीत मनाला कितीही गोड वाटली, तरी ज्या गोष्टींवर त्या प्राण्याचे पुढील दहा-बारा वर्षांचे सुखदुःख अवलंबून असते, त्यांपैकी बहुतेक गोष्टी त्या क्षणी डोळ्यांना दिसत नाहीत. पिल्लाचे सांधे पुढे कसे वाढतील, त्याची दृष्टी टिकेल की नाही, माणसांच्या सहवासात ते निर्भय राहील की भित्रे होईल, यांतील पुष्कळसा भाग त्याच्या आईबापांची जोडी लावली गेली तेव्हा, आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत ठरलेला असतो. या दोन्ही गोष्टी पैदासकाराच्या, म्हणजे बाजारात ज्यास ब्रीडर म्हणतात त्याच्या, हाती असतात. म्हणून लॅब्राडोरचे पिल्लू निवडणे म्हणजे वस्तुतः त्याचा पैदासकार निवडणे होय.

जातीची पूर्वपीठिका

लॅब्राडोर हे नाव कॅनडाच्या ईशान्येकडील प्रदेशाचे असले, तरी या कुत्र्यांचे पूर्वज न्यूफाउंडलंड या शेजारच्या बेटावरील होत. तेथील कोळ्यांजवळ आखूड व दाट केसांचे, थंड पाण्यात निर्धास्तपणे उडी घेणारे कुत्रे असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मासळीच्या जहाजांबरोबर हे कुत्रे इंग्लंडमधील पूल या बंदरात येऊ लागले. पुढे माम्सबरीचे अर्ल आणि बक्लूचे ड्यूक या उमराव घराण्यांनी त्यांची निगुतीने पैदास केली, आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्राडोर रिट्रीव्हर ही स्वतंत्र जात मान्य केली. टिपलेले पाखरू तोंडात अलगद धरून धन्यापाशी आणून देणारा कुत्रा, तो रिट्रीव्हर.

मनमिळाऊ स्वभाव, शिकण्याची तयारी आणि तीक्ष्ण घ्राणेंद्रिय या गुणांमुळे ही जात जगभर पसरली. भारतात सैन्यदलात आणि पोलीसदलात स्फोटके हुडकण्याच्या कामी लॅब्राडोरचा उपयोग केला जातो. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या पथकातील झंजीर या लॅब्राडोर कुत्र्याने तीन हजार किलोग्रॅमहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्यास साहाय्य केले होते. घरगुती कुत्रा म्हणूनही ही जात शहरांतून फार लोकप्रिय आहे.

परंतु कोणत्याही शुद्ध जातीस एक मोल द्यावे लागते. थोड्या पूर्वजांपासून सुरू झालेली वंशावळ बाहेरच्या रक्तास बंद केली, की इष्ट गुण पक्के होतात, आणि त्यांच्याबरोबर दडलेले दोषही पिढ्यान्पिढ्या आतल्या आत फिरत राहतात. हे दोष ओळखून त्यांना पुढच्या पिढीत वाढू न देणे हेच जबाबदार पैदासकाराचे पहिले काम होय.

खुब्याचा सांधा

लॅब्राडोरच्या ठिकाणी आढळणाऱ्या आनुवंशिक दोषांत खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ हा दोष प्रमुख आहे. खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोलगट भागात घट्ट बसले, तर पाय सहज फिरतो. काही पिल्लांत वाढीच्या काळात हा सांधा सैल राहतो, गोल टोक उखळीच्या काठावर घासू लागते, उखळ उथळ होते, आणि वर्षा-दोन वर्षांत तेथे संधिवात सुरू होतो. मग कुत्रा जिना चढण्यास कां-कूं करतो, सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळतो, उठताना कण्हतो. कोपराच्या सांध्यातही असाच दोष उद्भवतो आणि त्यामुळे तरुण कुत्रा पुढच्या पायाने लंगडू लागतो.

येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की जन्मतः हा सांधा बहुधा निर्दोष असतो. आठ आठवड्यांच्या पिल्लाची चाल कितीही बारकाईने पाहिली, तरी पुढे काय होणार हे सांगता येत नाही. मात्र आईबापांचे सांधे क्ष-किरण छायाचित्राने तपासता येतात. ब्रिटनमधील पद्धतीप्रमाणे कुत्रा किमान एक वर्षाचा झाल्यावर असे छायाचित्र घेतात व प्रत्येक खुब्यास ० ते ५३ यांमधील गुण देतात. दोन्हींची बेरीज जितकी कमी, तितका सांधा चांगला. अमेरिकेतील एका प्रमुख पद्धतीत तर दोन वर्षे पूर्ण झाल्याखेरीज अंतिम दाखला मिळत नाही.

खुब्याचा दोष एकाच जनुकामुळे होत नाही. अनेक जनुके आणि आहार, वजन, व्यायाम यांसारखी बाह्य कारणे यांचा तो एकत्र परिणाम असतो. म्हणून उत्तम सांध्यांच्या आईबापांस क्वचित सदोष पिल्लू होऊ शकते. परंतु पिढ्यान्पिढ्या चांगल्या सांध्यांच्या कुत्र्यांचीच जोडी लावल्यास हा धोका घटतो. जो पैदासकार “आमच्या कुत्र्यांना असे काही होतच नाही” असे सांगतो, त्याने बहुधा तपासणीच केलेली नसते. जो छायाचित्र दाखवतो, गुण सांगतो आणि उरलेल्या धोक्याचीही कल्पना देतो, त्याच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

वाहक आणि व्याधिग्रस्त

काही व्याधी मात्र एकाच जनुकातील बदलामुळे होतात. एका व्याधीत दृष्टिपटलातील पेशी हळूहळू नष्ट होतात. कुत्र्यास प्रथम रातांधळेपणा येतो व पुढे संपूर्ण अंधत्व येते. दुसरीत एरवी धडधाकट दिसणारा तरुण कुत्रा पाच-दहा मिनिटे जोराने धावला, की त्याचे मागचे पाय लुळे पडतात आणि तो कोसळतो. बहुतेक कुत्रे थोड्या विश्रांतीनंतर सावरतात. क्वचित एखादा दगावतोही. पहिल्या व्याधीस कारण होणारा जनुकीय बदल २००६ साली, तर दुसरीचा २००८ साली ओळखला गेला. तेव्हापासून गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या पेशींवरून किंवा रक्तावरून या दोषांची निश्चित तपासणी करता येते.

या व्याधींची वंशपरंपरा समजण्यास थोडे गणित पुरेसे आहे. प्रत्येक पिल्लास दर जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. या व्याधी होण्यास दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एकच प्रत सदोष असलेला कुत्रा स्वतः निरोगी राहतो. त्यास वाहक म्हणतात. दोन वाहकांची जोडी लावली, तर सरासरीने चारांतील एक पिल्लू व्याधिग्रस्त, दोन वाहक व एक पूर्ण निर्दोष निघते. परंतु वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली, तर एकही पिल्लू व्याधिग्रस्त होत नाही. सरासरीने निम्मी वाहक व निम्मी निर्दोष होतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की आईबाप दोघेही टुणटुणीत दिसतात एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण वाहकही तसाच दिसतो. दुसरी ही, की वाहक असणे हा कलंक नव्हे. जातीतील सगळे वाहक पैदाशीतून काढून टाकले, तर आधीच आखूड असलेली वंशावळ आणखी आखूड होईल. विचारी पैदासकार वाहक लपवीत नाही. तो त्यास योग्य जोडीदार शोधतो.

वंशावळीचा कागद आणि आरोग्याचा दाखला यांतील फरकही येथेच समजून घेतला पाहिजे. चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र पिल्लाचे आईबाप व पूर्वज कोण हे सांगते. त्या पूर्वजांचे सांधे वा डोळे कसे होते, हे त्यावरून कळत नाही. पिल्लू “कागदवाले” आहे एवढ्याच आधारावर अधिक किंमत मागितली जाते, तेव्हा कोणते कागद, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

बाजारात ऐकू येणाऱ्या इतर काही शब्दांचीही अशीच पारख केली पाहिजे. “डबल बोन” किंवा “हेवी बोन” अशी कोणतीही शारीरिक रचना नाही. बोजड पिल्लास दिलेले ते विक्रेत्याचे नाव आहे, आणि वाढत्या वयातील जास्तीचे वजन सांध्यांना अपायकारकच ठरते. रंगांविषयी म्हणावयाचे, तर या जातीचे मान्य रंग तीनच आहेत: काळा, पिवळा व चॉकलेटी. रुपेरीसारखा “दुर्मिळ” रंग म्हणून ज्यासाठी अधिक पैसे मागतात, तो रंग फिका करणाऱ्या जनुकाचा परिणाम होय. केवळ रंगासाठी जोड्या लावणाऱ्याच्या हातून सांधे व डोळे यांचा विचार मागे पडतो.

पहिले आठ आठवडे

पिल्लू जन्मतः आंधळे व बहिरे असते. सुमारे दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते आवाजाने दचकू लागते, आणि मग त्याच्या आयुष्यातील एक अत्यंत महत्त्वाचा कालखंड सुरू होतो. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला व १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानते, असे त्यांना आढळले. त्याच प्रयोगशाळेत केलेल्या व १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना कुंपण घातलेल्या मैदानात माणसाच्या सहवासाविना चौदा आठवडे वाढविण्यात आले. ती पिल्ले पुढे माणसास पाहून रानटी जनावराप्रमाणे बिथरत.

या कालखंडाचा पूर्वार्ध पैदासकाराच्या घरी जातो. ज्या पिल्लाने भांड्यांचा आवाज, पंखा, लहान मुले, फरशी व गवत यांचा परिचय करून घेतला, ते नव्या घरी लवकर रुळते. जे अंधाऱ्या खोलीत पिंजऱ्यात वाढले, ते या परिचयास मुकते. भावंडांशी व आईशी खेळतानाच पिल्लू चावण्याचा जोर आवरावयास शिकते. जोराने चावले, की समोरचे भावंड केकाटते आणि खेळ थांबतो. म्हणूनच पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू आईपासून तोडून विकण्याची जी प्रथा अनेक ठिकाणी दिसते, ती अनिष्ट होय. अशा पिल्लाचे पोषण व लसीकरण तर अपुरे असतेच, परंतु त्याचे शिक्षणही अपुरे राहते.

कायदा काय सांगतो

भारतात या व्यवसायासाठी केंद्र शासनाने २०१७ साली श्वानपैदास व विक्री यांविषयीचे नियम केले. त्यांनुसार प्रत्येक पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मादी किमान अठरा महिन्यांची झाल्याखेरीज व आठ वर्षांची झाल्यानंतर तिच्यापासून पैदास करता येत नाही. बारा महिन्यांत एकाहून अधिक वेत घेता येत नाही आणि आयुष्यभरात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. कुत्र्यांच्या कातडीखाली मायक्रोचिप बसविणे व नोंदवही ठेवणे हेही पैदासकाराचे कर्तव्य आहे. ही मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असून तीत एक क्रमांक असतो. यंत्राने तो वाचता येतो. त्यामुळे कागदावरचे पिल्लू व हातातले पिल्लू एकच आहे, याची खात्री पटते.

या नियमांचे मर्म मादीच्या बाबतीत ध्यानात येते. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते व सुमारे ६३ दिवसांनी विते. प्रत्येक माजास तिला नर दाखवला, तर वर्षास दोन वेते, म्हणजे पंधरा-सोळा पिल्ले मिळू शकतात. पैशाच्या हिशेबात ही बेरीज सोपी आहे. मादीच्या शरीरात मात्र एका वेताची झीज भरून येण्याआधीच दुसऱ्याचे ओझे येते. ग्राहकास टोपलीतील पिल्लू दिसते, ही मादी दिसत नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने दलालामार्फत पिल्ले विकण्यास बंदी केली; पिल्लू जेथे जन्मले तेथे, त्याच्या आईसह दाखवूनच विकले पाहिजे असे ठरविले. त्याचा हेतू हाच, की मादी नजरेआड राहू नये.

प्रत्यक्ष भेट

म्हणून पिल्लू पाहावयाचे ते त्याच्या जन्मस्थानीच. रस्त्याच्या कडेला, स्थानकावर किंवा मोटारीत पिल्लू आणून देण्याची तयारी ही सोय नसून पडदा आहे. भेटीत प्रथम आईकडे लक्ष द्यावे. नुकतीच व्यालेली मादी थोडी वाळलेली असते, तिचे केस गळलेले असतात, स्तन ओघळलेले असतात. यात काही गैर नाही. परंतु ती स्वच्छ जागी आहे काय, आपल्या पिल्लांत मोकळी वावरते काय, मालकास पाहून शेपटी हालवते की अंग चोरते, हे पाहावे. आई भित्री वा चिडखोर असेल, तर तो स्वभाव काही अंशी रक्तातून व काही अंशी सहवासातून पिल्लांत उतरू शकतो.

बाप तेथे नसला, तर शंका घेण्याचे कारण नाही. चांगला पैदासकार आपल्या मादीस अनुरूप असा नर दुसरीकडूनही शोधून आणतो. मात्र त्याचे नोंदणीपत्र व तपासणीचे दाखले हाताशी असावेत. घरचा एकच नर सर्व माद्यांसाठी वापरला जात असेल, तर ती निवड गुणांसाठी केली की सोयीसाठी, असे विचारणे योग्य ठरेल.

पिल्लांकडे वळल्यावर डोळे, नाक व शेपटीखालची जागा स्वच्छ आहे काय, अंगावर गोचिडी-पिसवा आहेत काय, हे पाहावे. इतर अंग रोड व पोट मात्र टम्म फुगलेले असेल, तर जंतांची शंका घ्यावी. जंताचे औषध केव्हा दिले, लस कोणती व कोणत्या तारखेस टोचली, हे पशुवैद्याच्या सहीसह पुस्तिकेत नोंदलेले असावे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास टोचतात व पुढील मात्रा सोळाव्या आठवड्यापर्यंत चालू राहतात. पार्वो व डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांपासून संरक्षण मिळण्यास त्या सर्व आवश्यक असतात.

पुढील प्रश्न प्रत्येक पैदासकारास निःसंकोच विचारावेत.

१. राज्य मंडळाकडील नोंदणी कोठे आहे?
२. दोन्ही आईबापांच्या खुब्यांची व कोपरांची छायाचित्रे कधी काढली आणि निष्कर्ष काय निघाला?
३. डोळ्यांच्या व कोसळण्याच्या व्याधीसाठी जनुकीय तपासणी झाली आहे काय?
४. मादीचे वय किती, हे कितवे वेत, व मागचे केव्हा झाले?
५. मागील वेतांतील कुत्रे आज कसे आहेत, आणि त्यांच्या मालकांशी बोलता येईल काय?
६. काही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाले, तर तो परत घ्याल काय?

शेवटच्या प्रश्नाचे “होय, केव्हाही” असे लेखी उत्तर देणारा पैदासकार दुर्मिळ, पण तोच खरा. ज्यास प्रत्येक पिल्लू आयुष्यभर परत येऊ शकते याची जाणीव आहे, तो पिल्ले मोजकीच काढतो.

उलट प्रश्न

जबाबदार पैदासकार स्वतःही प्रश्न विचारतो. घरात दुपारी कोण असते? पहाटे फिरावयास कोण नेणार? दाट दुपदरी केसांच्या या कुत्र्यास उन्हाळ्यात थंड जागा मिळेल काय? पंचवीस ते पस्तीस किलो वजनाच्या प्राण्याच्या आहाराचा व औषधाचा खर्च झेपेल काय? हे प्रश्न काहींना उद्धट वाटतात. वस्तुतः, पिल्लू कोठे जाते याची ज्यास फिकीर नाही, त्यास ते कोठून येते याचीही फारशी फिकीर नसते.

तो आहाराविषयीही बजावून सांगतो. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ साली दाखविले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोर कुत्र्यांत भुकेशी संबंधित अशा एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो व अशा कुत्र्यांची भूक लवकर शमत नाही. म्हणून कुत्र्याची केविलवाणी नजर हे अन्नाचे माप नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ प्रयोगात ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्याहून पंचवीस टक्के कमी अन्न जन्मभर देण्यात आले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले; सांध्यांचे दुखणेही कमी खाणाऱ्यांत उशिरा उद्भवले. पैदासकाराने चांगला सांधा दिला, तरी तो टिकविणे घरच्यांच्या हाती राहते.

कधी कधी अस्वच्छ पिंजऱ्यातील रोड पिल्लू पाहून मन कळवळते आणि निदान याला तरी सोडवावे, म्हणून ते विकत घेतले जाते. ही दया खरी असते. पण त्या पैशाने रिकामा झालेला पिंजरा पुढच्या वेताने भरतो, आणि पडद्यामागील मादी पुन्हा नराकडे नेली जाते. अशा ठिकाणची माहिती राज्य प्राणी कल्याण मंडळास किंवा प्राणिरक्षणाचे कार्य करणाऱ्या संस्थेस कळविणे हाच त्या प्राण्यांच्या हिताचा मार्ग होय. ज्यांना सोडवावयाचेच आहे, त्यांना अशा संस्थांतून मालकांनी टाकून दिलेले मोठे लॅब्राडोरही मिळू शकतात.

चांगल्या पैदासकाराकडे पिल्लू बहुधा तयार नसते. पुढचे वेत अमुक महिन्यात होईल, नाव लिहून ठेवतो, असे तो सांगतो. घरातील मुलांना ही वाट पाहणे जड जाते. त्या अवधीत त्यांनी कुत्र्याच्या संगोपनाविषयी वाचावे, शेजारच्या कुत्र्यास पहाटे फिरवून आणावे, आणि पिल्लाच्या आईस एकदा भेटून यावे. नऊ आठवडे गर्भात व आठ आठवडे आईजवळ, इतका काळ पिल्लासही लागतोच. तेवढा धीर धरणाऱ्या घरी ते पिल्लू बारा वर्षे राहावयास येते.